झाशीची बासने

आमच्या सरकारी मराठीत 'प्रकरण बासनात गुंडाळले' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. वृत्तपत्रांना तो फार प्रिय. चौकशीचे अहवाल, आयोगांच्या शिफारशी, कुणा तळमळीच्या अधिकाऱ्याने रात्री जागून लिहिलेल्या टिपण्या, सारे शेवटी बासनात जाते. सेवेत आलो तेव्हा बासन म्हणजे मंत्रालयाच्या तळघरातली एखादी अंधारी खोली असावी अशी माझी समजूत होती. पोथी किंवा दप्तर गुंडाळून ठेवण्याच्या कापडाला बासन म्हणतात आणि वस्तू टिकावी म्हणून ती त्यात गुंडाळतात, हे पुष्कळ उशिरा कळले. ते कळले तेही महाराष्ट्राबाहेर, बुंदेलखंडात.

टहरौली हे झाशीच्या पूर्वेला, झाशी जिल्ह्यातल्याच एका तहसिलीचे ठिकाण. निवडणूक निरीक्षक म्हणून मला तिकडे जावे लागले होते. निरीक्षकाच्या कामात धावपळ असते तशी रिकामी दुपारही असते. अशाच एका दुपारी मतपेट्यांच्या बंदोबस्ताची खोली पाहून झाल्यावर मी तहसिलीच्या अभिलेखांकडे वळलो. महसुलाच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्या राज्याचे दप्तर पाहण्याची हौस असते. सुगरणीला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावण्याची असते तशीच. आपला सातबारा तिकडे नाही. तिकडे खसरा आणि खतौनी, आपल्या तलाठ्याच्या जागी लेखपाल. पण कपाटात रचलेले गाठोडे मात्र ओळखीचे निघाले. जाड सुती कापड, चारही टोके आत दुमडलेली, वरून दोरी, आणि चिठ्ठीवर गावाचे नाव.

तिथल्या वयस्क कर्मचाऱ्याला मी, माझी हिंदी वापरून, म्हटले की हे बासन जरा सोडून दाखवा. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शिपायाला पाण्याचा तांब्या आणायला पिटाळले. हिंदीत बासन म्हणजे भांडे! खुलासा झाल्यावर सगळेच हसले. "साहब, इसे बस्ता कहिए," तो म्हणाला. बस्ता म्हणजे बांधलेले, शब्द फारसी. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पिशवीलाही तिकडे बस्ताच म्हणतात, आणि आपण तिला दप्तर म्हणतो. दोन्ही भाषांनी पोराच्या खांद्यावर एकेक कचेरीच लादली आहे.

बस्ता पाहून झाला. मी तो पुन्हा बांधू लागलो तेव्हा त्या गृहस्थांनी नम्रपणे पण निश्चयाने माझा हात थांबवला. "गाँठ हम लगाएँगे, साहब." त्यांची गाठ एका टोकाला ओढले की सुटणारी होती, आणि तरीही घट्ट. माझी गाठ कात्रीशिवाय सुटली नसती, हे मला मान्य करावे लागले.

झाशीत पाय ठेवणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला विष्णुभट गोडशांची आठवण होते, तशी ती मलाही त्या संध्याकाळी झाली. मात्र त्या दिवशी मला आठवला तो त्यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथातला, सहसा कुणी न थांबणारा एक तपशील: झाशीच्या ग्रंथालयाचा. राणीचा घोडा, किल्ल्याचा बुरूज, दत्तक दामोदरराव, हे सर्वांना ठाऊक असते. या शहरात ग्रंथांचा एक मोठा संग्रह होता आणि तो १८५८ च्या एप्रिलमध्ये काही दिवसांत नाहीसा झाला, हे फारसे कुणी सांगत नाही.

झाशी हे मराठ्यांनी वसवलेले शहर. किल्ला ओर्छाच्या वीरसिंहदेवाचा, सतराव्या शतकाच्या आरंभीचा. परंतु किल्ल्याखाली पेठा वसल्या त्या १७४२ नंतर, पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांच्या काळात. पुढे सुभेदारी मूळच्या रत्नागिरी भागातल्या नेवाळकरांकडे आली. त्यांतले रघुनाथ हरी हे विलक्षण गृहस्थ. महालक्ष्मीचे मंदिर, रघुनाथ मंदिर आणि आज राणीमहाल म्हणून ओळखला जाणारा वाडा, ही बांधकामे त्यांच्या नावावर आहेत. प्रशासक म्हणून त्यांनी सुभ्याचा वसूल वाढवला. पण माझे कुतूहल वेगळ्याच गोष्टीने चाळवले. महादजी शिंद्यांकडील इंग्रज रेसिडेंट मेजर पामर यांच्या लवाजम्यात विल्यम हंटर नावाचा एक डॉक्टर होता. आग्र्याहून उज्जैनीला केलेल्या प्रवासाचे त्याने लिहिलेले वृत्त 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आले आहे. १७९२ च्या सुमारास झाशीला भेटलेल्या रघुनाथ हरींबद्दल तो आदराने लिहितो. साठीच्या घरातल्या या मराठी सुभेदाराला युरोपीय विद्येची ओढ लागली होती आणि त्याने 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'ची दुसरी आवृत्ती मिळवली होती.

ही दुसरी आवृत्ती एडिंबरोहून १७७७ ते १७८४ या वर्षांत निघाली. तिचे दहा खंड. पहिल्या मराठी वृत्तपत्राला अजून चाळीस वर्षे अवकाश होता, मुंबईत मराठी मजकूर छापण्याची सोय नव्हती, आणि बुंदेलखंडात एका कोकणस्थाच्या नव्हे, कऱ्हाडे ब्राह्मणाच्या वाड्यात (नेवाळकर कऱ्हाडे, या बाबतीत आमच्याकडे चुका फार होतात) स्कॉटलंडात छापलेला ज्ञानकोश उघडला जात होता. इंग्रजी पुस्तकाची बांधणी त्या वाड्याला नवी असणार. पाने शिवलेली, पाठीला गोंद, दोन्ही बाजूंना कातड्याने मढवलेले पुठ्ठे, आणि फळीवर उभे ठेवायचे. तिथल्या संस्कृत ग्रंथांची चाल याहून अगदी वेगळी.

पोथी शिवत नाहीत. तिची पाने आडवी, लांब आणि सुटी. कागद हाताने बनवलेला. तो त्या भागात काल्पीला होई आणि आजही होतो. वर-खाली लाकडाच्या दोन फळ्या, पानापेक्षा बोटभर मोठ्या, म्हणजे कडा झिजली तर फळीची झिजावी, पानाची नाही. मग सर्वांना घट्ट लपेटणारे कापड. गाठ नीट बसली की पाने दाबात राहतात, वळत नाहीत, त्यांच्यात धूळ आणि किडा सहज शिरत नाही. कापडातून हवा खेळते, पावसाळ्यात दमट हवेचा पहिला मारा कापड स्वतःवर घेते. ते मळले की धुता येते, फाटले की बदलता येते. आजचे संवर्धनतज्ज्ञही हस्तलिखितासाठी खळ काढून टाकलेले धुतलेले सुती कापड सुचवतात, कारण खळीला कीड लागते. प्लास्टिकची पिशवी मात्र वर्ज्य, कारण ती आतली ओल आतच कोंडते. जुने लेखकू ग्रंथाचे शत्रू मोजताना तेल आणि पाणी यांच्या पंक्तीला सैल बांधणीला बसवत असत. त्यांचा अनुभव शतकांचा होता.

मराठीत याशिवाय बाड होते. संतांची पदे, आरत्या, औषधांच्या याद्या लिहिलेली शिवलेली लांबट वही, जी माणूस काखेत घेऊन फिरे. फारसी किताबांना कातड्याची जिल्द असे आणि तिची एक झडप पुस्तकाच्या मोकळ्या कडेवर मुडपून येई. व्यापाऱ्याची लाल कापडी वही अजून दिवाळीत पूजेला निघते. कचेऱ्यांतून कागदांचे रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही एकक 'रुमाल' हेच आहे. मराठी राजवटीतल्या एखाद्या मोठ्या संग्रहात ही सगळी कुळे एका छताखाली नांदत असत.

झाशीचा संग्रह नेवाळकरांच्या पिढ्यांनी वाढवला. गोडशांचे त्याविषयीचे म्हणणे थोडक्यात असे, की तेथे नाना शास्त्रांचे ग्रंथ होते आणि काशीच्या पंडितांचे एखाद्या ग्रंथावाचून अडले, तर ते झाशीहून त्याची नक्कल करवून नेत. काशीला न मिळणारी पोथी झाशीला मिळे, हे विधान गोडशांसारख्या याज्ञिकी भिक्षुकाने करावे याला वजन आहे. कारण कोणती पोथी कुठे आहे हे कळणे हाच त्यांच्या व्यवसायाचा कणा.

गोडसे पेण तालुक्यातल्या वरसईचे. डोक्यावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी वार्ता आली म्हणून चुलत्याबरोबर १८५७ च्या वसंतात ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. पुढच्या वर्षी २१ मार्चला सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा दिला तेव्हा ते शहरातच होते. १ एप्रिलला तात्या टोपे यांचा बेतवेकाठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज तटावरून आत शिरले, राणी एका रात्री निसटली, आणि मग शहरात कत्तल आणि लूट सुरू झाली. तिचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्यातही मला थबकवतो तो तिचा क्रम. लुटीच्या पाळ्या लागल्या होत्या. आधी सोने, चांदी, नाणे; मग भांडीकुंडी; मग कापडचोपड; मग धान्य. याच दिवसांत ग्रंथालयाचाही विध्वंस झाला.

आता या ठिकाणी मी माझा एक तर्क मांडतो, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. शिपायाला भाष्याच्या पोथीचे काय करायचे असते? त्याला देवनागरी वाचता येत असली तरी मीमांसा नको असते. पण राजघराण्याच्या संग्रहातली बासने गोणपाटाची नसतात. मान्यवर पोथ्यांना रेशमाची, जरीच्या काठांची बासने घालण्याची चाल सर्वत्र होती. कापडाची पाळी आली की हात प्रथम तिथेच जाणार. गाठ सोडायला वेळ कुणाला? ओढली, कापली, कापड खांद्यावर टाकले, फळ्या चुलीला कामी आल्या. सुटी पाने राहिली. शिवलेले पुस्तक भिरकावले तर मळते, फाटते, पण एक राहते. पोथीचे बंधन गेले की तिचा ग्रंथपणाच जातो. शंभर पोथ्यांची पाने एका चौकात मिसळली तर ती परत लावणे हे पंडितांच्या सभेचे वर्षभराचे काम, आणि त्या एप्रिलात झाशीत पंडित प्रेते उचलत होते.

प्रशासनाच्या अंगाने मला या नाशाच्या आधीची चार वर्षे अधिक अस्वस्थ करतात. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. दत्तक मुलाला राज्य नाही, पण राजाच्या खासगी मालमत्तेवर त्याचा हक्क आहे, अशी कंपनी सरकारची भूमिका होती. त्यानुसार सहा लाखांची रोकड दामोदररावांच्या नावे सरकारच्या ताब्यात ठेवण्यात आली. किल्ला, तोफा, खजिना, महसुली दप्तर यांचा ताबा कसा घ्यायचा याचे कायदे आणि रिवाज ठरलेले होते. ग्रंथसंग्रह कोणत्या खात्यात घालायचा? तो राज्याचा की राजाचा? ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या फर्दीत ज्या वस्तूला रकाना नसतो तिला वाली नसतो. हे आजही तितकेच खरे आहे. एखादे मंडळ बरखास्त झाले, एखादे कार्यालय दुसरीकडे हलवले, की खुर्च्या आणि पंखे मोजून घेतले जातात आणि ग्रंथालय 'इतर' मध्ये पडते.

झाशी वाचली असती का, हा प्रश्न निरर्थक नाही, कारण तुलना करायला तंजावर आहे. तेही मराठ्यांचेच राज्य, तेही त्याच धोरणाचे बळी. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि राज्य संपले. सरकारने राजवाड्यातली मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यकृत्य आहे, यात न्यायालयाला हात घालता येणार नाही, असा निर्णय दिला. तरीही १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय या सगळ्या उलथापालथीत राजवाड्यातच राहिले. सरफोजी स्वतः काशीयात्रेला गेले तेव्हा तिथून हस्तलिखिते घेऊन आले होते, आणि युरोपात छापलेली पुस्तकेही त्यांनी हजारोंनी जमवली. त्या पुस्तकांवर त्यांच्या सह्या आहेत. १८७० नंतरच्या दशकात तंजावरचा जिल्हा न्यायाधीश ए. सी. बर्नेल याने न्यायदानाचे काम सांभाळून तिथल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली; ती १८८० मध्ये पूर्ण छापून निघाली. १९१८ मध्ये राजघराण्याने संग्रह लोकांसाठी खुला केला. आज तो तिथे आहे.

तंजावरला वेढा पडला नाही, हे मोठे कारण, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एका सनदी नोकराने आपल्या नेमणुकीच्या गावात यादी करायला घेतली, हेही कारणच. ज्या संग्रहाची छापील सूची लंडनच्या ग्रंथालयात पोहोचली आहे त्यातून एक पोथी गहाळ झाली तरी ती गहाळ झाल्याचे कळते.

आणि काळाचा उपरोध पाहा. झाशीच्या पाडावाला दहा वर्षे होताहोता, मे १८६८ मध्ये, लाहोरच्या पंडित राधाकृष्ण यांनी व्हाइसरॉयना पत्र लिहून संस्कृत ग्रंथांच्या शोधाची आणि सूचीची विनंती केली. व्हिटली स्टोक्स या कायदे खात्याच्या सचिवाने त्यावर टिपणी लिहिली. टिपणी बासनात गेली नाही. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने हस्तलिखितांच्या शोधासाठी वर्षाला २४,००० रुपये मंजूर केले. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी गावोगाव हिंडून जे ग्रंथ मिळवले, ते पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आले. संग्रह करणारे आणि संग्रह उधळणारे सरकार एकच होते. कोणत्याही सरकारच्या पोटात ही दोन्ही माणसे एकाच वेळी असतात; वरचढ कोण होईल ते त्या त्या जागेवर, त्या त्या दिवशी कोण बसले आहे यावर ठरते.

इथे मी एक घरचाही अनुभव सांगतो. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी माझा काही काळ कामानिमित्त संबंध आला. गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये मुंबईत पहिले छापील पंचांग काढले, त्यानंतरच्या काही दशकांत शिळाप्रेसवर मराठी-संस्कृत पोथ्या पुष्कळ छापल्या गेल्या. छापखाना आला तरी आकार पोथीचाच राहिला होता: सुटी आडवी पाने, बासनात बांधायची. अशा छापील पोथ्यांचा एक गठ्ठा त्या ग्रंथालयात होता. मी गेलो तेव्हा त्या 'सुरक्षित' करण्यात आल्या होत्या. निविदा निघाली, प्रतिखंड दर ठरला, सर्वांत कमी दराचा बांधणीवाला आला. त्याने सुटी पाने एका कडेला शिवली, बाकी तीन कडा यंत्राने सरळ कापल्या आणि वर निळे रेक्झिन चढवले. जुन्या वाचकांनी समासात लिहिलेल्या टीपा कापल्या गेल्या. शिवणीत गेलेली अक्षरे वाचायला खंड जोराने उघडावा लागे आणि ठिसूळ कागद तिथेच तुटे. बासनांचे काय केले, असे मी विचारले. ती फडकी म्हणून वापरली होती. लेखापरीक्षणात या कामावर एकही आक्षेप नव्हता. असण्याचे कारणही नव्हते, सगळे नियमाप्रमाणे झाले होते.

त्या बांधणीवाल्याला मी दोष देत नाही. त्याला खंड मोजून पैसे मिळणार होते. निविदेच्या मसुद्यात 'समास कापू नये' एवढे तीन शब्द घालायचे कुणाला सुचले नाही, आणि ते सुचण्यासाठी जी दृष्टी लागते ती आमच्या कोणत्याच प्रशिक्षणात नाही. पुस्तकाचे मोल मजकुरात आणि वेष्टण बदलण्याजोगे, असा आमचा सरसकट समज. वस्तुतः जुन्या ग्रंथाच्या बांधणीतून तो कुठे बनला, कुणाकडे होता, किती हाताळला गेला हे कळते. फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला रद्दी कागद कधीकधी पोथीपेक्षा जुना निघतो. बासनाच्या कोपऱ्यावर शाईने लिहिलेले नाव हीच कधी मालकीची एकमेव नोंद असते.

खुद्द गोडशांच्या लेखनाचे नशीब मात्र चांगले. त्यांनी आपला प्रवास १८८३ मध्ये लिहून काढला तो चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण बराच फेरफार करून. काळ इंग्रजांचा होता आणि वैद्य स्वतः ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश राहिलेले. मूळ हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवले. दत्तो वामन पोतदारांनी ते जसेच्या तसे संपादित केले आणि १९६६ मध्ये मूळ संहिता वाचकांच्या हाती आली. लेखनापासून ८३ वर्षे. मंडळाच्या कपाटात ती बाडे कुणीतरी बांधून ठेवली होती, दरवर्षी उन्हे दाखवली होती, म्हणून झाशीला असे ग्रंथालय होते हे आज आपल्याला सांगता येते.

टहरौलीहून परतताना मला वाराणसीला दोन दिवस मिळाले, आणि तिथेच झाशीच्या संग्रहाविषयी एक वेगळा विचार मनात आला. जोनाथन डंकनने १७९१ मध्ये काशीला संस्कृत पाठशाळा काढली (हाच डंकन नंतर सोळा वर्षे मुंबईचा गव्हर्नर होता आणि मुंबईतच वारला). त्या पाठशाळेचे १९५८ मध्ये विद्यापीठ झाले. ते आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. त्याचे सरस्वती भवन ग्रंथालय १९१४ पासून स्वतंत्र वास्तूत आहे. गोपीनाथ कविराज हे तिथले ग्रंथपाल होते, पुढे प्राचार्य झाले. हस्तलिखिते लाखाच्या घरात. त्यांचा मोठा भाग काशीच्या पंडितांच्या घराण्यांतून आलेला, आणि त्या घराण्यांत मराठी घराणी थोडी नव्हती.

मग गोडशांचे वाक्य उलट बाजूने वाचून पाहावे. काशीचे पंडित झाशीहून नकला करवून नेत. म्हणजे झाशीत जे जळले, फाटले, वाऱ्यावर गेले, त्यातले काही १८५८ पूर्वीच नकलेच्या रूपाने काशीला पोहोचलेले होते. मूळ गेले, नक्कल कुठे तरी असली पाहिजे. आणि नक्कल करणारा लेखकू ग्रंथाच्या शेवटी पुष्पिका लिहितो: संवत् किंवा शक, मास, तिथी, आपले नाव, कुणासाठी लिहिले, आणि पुष्कळदा गाव. झाशीच्या ग्रंथालयाची यादी नव्याने तयार करायची तर ती अशा पुष्पिकांतून, एकेक ओळ वेचून, थोडीफार तरी करता येईल.

हे काम एका माणसाचे नाही, पण अशक्यही नाही. सूचीकारांनी पुष्पिका नोंदवण्याची शिस्त आपल्याकडे आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची गो. वि. देवस्थळी यांनी केलेली वर्णनात्मक सूची १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. तशा धर्तीवर झालेल्या सूची अनेक ठिकाणी आहेत. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू झाले, २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच कामासाठी 'ज्ञान भारतम्' जाहीर झाले. छायाचित्रे निघत आहेत, ती निघावीतच. पण नोंदीच्या तक्त्यात ग्रंथनाम, कर्ता, पत्रसंख्या भरली जाते आणि 'लेखनस्थळ' हा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो, कारण तो भरायचा तर शेवटचे पान वाचावे लागते. ज्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, ज्या कुलसचिवांकडे असे काम येईल त्यांनी बाकी काही नाही तर त्या एका रकान्याचा आग्रह धरावा. छायाचित्र घेताना पोथीच्या फळ्या आणि बासन यांचेही एकेक चित्र घ्यायला सांगावे. त्याला काही वेगळा खर्च येत नाही.

शोध घेणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना करून ठेवतो. झाशीचे मराठी अमदानीतले एक नाव बलवंतनगर असे होते. तिथल्या टांकसाळीच्या नाण्यांवरही ते आहे. तेव्हा केवळ 'झांसी' हा शब्द शोधून हाती काही लागले नाही तर निराश होऊ नये. 'झांशी' आणि 'बलवंतनगर' ही दोन्ही रूपे पाहावीत. दुसरी गोष्ट काळाची. त्या वर्षीचा गुढीपाडवा वेढ्याच्या काही दिवस आधी येऊन गेला होता आणि पाडव्यानंतर तीन आठवड्यांच्या आत शहर पडले. म्हणून नारो शंकरांच्या काळापासून पुढची, पण संवत् १९१४ किंवा शके १७७९ पर्यंतची पुष्पिका असेल तीच या कामाची. त्यानंतरची नक्कल झाशीत झालेली असली, तरी ती या ग्रंथालयावरून झालेली असणे कठीण आहे.